मॉन्स्टेरा घरी आणताना : कुंडीतल्या वेलीला वेलीसारखे कसे वाढवावे

माझ्या घरी आलेली पहिली मॉन्स्टेरा ११ महिने जगली. तिला काय कमी पडले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. दुसरी वेल आणून ती वाढवू लागल्यावर लक्षात आले, की पहिलीला कमी असे काहीच पडले नव्हते. पाणी जास्त झाले होते, माती घट्ट होती, आणि झाडाच्या खोडाला बिलगून चढणे हा जिचा स्वभाव, तिला मी जास्वंदीसारखी कुंडीच्या मधोमध मोकळी सोडली होती. मॉन्स्टेरा ही वेल आहे, झुडूप नव्हे, एवढे एक ध्यानात ठेवले तर पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडत जातात. पुण्यातल्या एका पूर्वाभिमुख गॅलरीत गेली काही वर्षे ही वेल वाढवताना जे हाती लागले, ते क्रमाने पुढे दिले आहे.

१. आधी वेलीचा स्वभाव समजून घ्या

मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही मूळची दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या दमट जंगलांतली. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिबमान यांनी १८४९ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. कुळाने मात्र ती आपल्याला परकी नाही. अळू, सुरण, पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळे आणि घरोघरी बाटलीत वाढणारा मनी प्लँट ही सगळी याच कुळातली मंडळी आहेत. अळूच्या फतफत्यात चिंच का घालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वेलीचा चीक हाताला का खाजतो हे वेगळे सांगायला नको. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक दोन्हींत असतात. म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत, आणि घरात रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर पाने त्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशी जागा आधीच ठरवावी.

जंगलात या वेलीचे आयुष्य जमिनीवर, गर्द सावलीत सुरू होते. बहुतेक रोपे उजेडाकडे झुकतात. याच वंशातल्या एका वेलीची कोवळी रोपे मात्र अंधाराकडे सरकतात, असे डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या संशोधकांनी कोस्टा रिकातल्या निरीक्षणांवरून १९७५ साली दाखवून दिले. जंगलात सर्वांत काळोखी दिसणारी आकृती म्हणजे जवळच्या मोठ्या झाडाचे खोड. खोड सापडले, की वेल त्याला हवाई मुळांनी धरते आणि मग उजेडाकडे चढू लागते. जसजशी ती वर जाते तसतशी पाने मोठी होत जातात आणि त्यांना कापे व भोके पडू लागतात. ही भोके कशासाठी, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ साली मांडले. जंगलात ऊन सलग पडत नाही, त्याचे कवडसे पडतात. तेवढाच हिरवा भाग भोके ठेवून अधिक विस्तारात पसरला, तर कवडसा हुकण्याची शक्यता कमी होते.

घरातल्या वेलीपुरता याचा अर्थ सरळ आहे. कोवळ्या रोपाचे पान बदामाच्या आकाराचे आणि अखंड असते. तो दोष नाही. भोके पडण्यासाठी वय, उजेड आणि आधार ही तिन्ही लागतात. ‘भोके पडण्याचे औषध’ म्हणून कोणी बाटली विकत असेल तर ते पैसे आधारासाठी राखून ठेवा.

२. साहित्याची जुळवाजुळव

रोप आणण्यापूर्वी पुढील वस्तू घरात असाव्यात, कारण रोप आणून ठेवायचे आणि मग आठवडाभर कोकोपीट शोधत फिरायचे, यात रोपाचे हाल होतात.

– तळाला किमान ४-५ भोके असलेली, ८ ते १० इंची कुंडी आणि खाली ठेवायला ताटली
– कोकोपीट, नारळाच्या सोडणांचे तुकडे, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे), गांडूळखत आणि थोडा लाकडी कोळसा
– आधाराचा खांब किंवा न रंगवलेली खरखरीत फळी
– जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या
– धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) आणि ते पुसायला स्पिरिट
– निमतेल, फवारणीची बाटली, हातमोजे

३. रोप विकत घेताना

नवख्या माणसाची फसगत सर्वाधिक होते ती याच टप्प्यावर, आणि विक्रेता खोटारडाच असतो असेही नाही. पुष्कळदा त्यालाही नावे ठाऊक नसतात.

‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा ऱ्हाफिडोफोरा टेट्रास्पर्मा असते. ती मलेशिया-थायलंडकडची, याच कुळातली पण वेगळ्या वंशाची वेल आहे. सुंदर आहे, भराभर वाढते, पण तिची पाने कधीही सुपाएवढी होणार नाहीत. मॉन्स्टेरा अडान्सोनाय ही खरी मॉन्स्टेराच, पण तिच्या पानांची भोके काठापर्यंत न फाटता आत बंदिस्त राहतात. ‘सेलम’ या नावाने मिळणारे कातरलेल्या पानांचे झाडही अनेकजण मॉन्स्टेरा समजून आणतात. त्याच्या पानात भोके नसतात, फक्त कापे असतात, आणि त्याचे खोड कालांतराने बऱ्यापैकी स्वतःच्या बळावर उभे राहते. खूण लक्षात ठेवायची तर अशी : मोठ्या झालेल्या डेलिसिओसाच्या पानाला काठाकडून आत जाणारे कापे असतात आणि शिवाय मधल्या शिरेलगत लहान भोकेही असतात.

दुसरा सापळा पेराचा. मॉन्स्टेराच्या खोडाला उसासारखी पेरे असतात. प्रत्येक पेराशी एक आडवी रेष दिसते, तिथून पान फुटलेले असते, तिथेच एक डोळा असतो आणि मागच्या बाजूला हवाई मुळाचा तपकिरी कोंब असतो. नवे झाड येते ते या डोळ्यातून. नुसते पान आणि त्याचा लांब देठ पाण्यात ठेवला, तर त्याला मुळेही फुटतात आणि ते कित्येक महिने हिरवेगार राहते, पण त्यातून दुसरे पान कधीही येत नाही. मी एका विक्रेत्याकडून असे एक पान ३०० रुपयांना घेतले होते आणि ७ महिने त्याला कोंब येण्याची वाट पाहिली. तेव्हापासून फोटो पाहून खरेदी करायची असेल तर मी देठाच्या तळाचा जवळून काढलेला फोटो मागते. खोडाचा तुकडा आणि डोळा दिसला तरच पुढे बोलणे.

तिसरा मोह पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या पानांचा. ‘थाई कॉन्स्टेलेशन’ हा प्रकार ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या सूक्ष्म तुकड्यापासून रोपे वाढवून, तयार होतो आणि त्याचे ठिपके बहुतांशी टिकतात. ‘अल्बो’ प्रकारातला पांढरेपणा मात्र अस्थिर असतो. एखादी फांदी पूर्ण हिरवी होते, किंवा पूर्ण पांढरी पाने येऊ लागतात, आणि हरितद्रव्य नसलेले पान वेलीला काहीच कमावून देत नाही. पहिली वेल हिरवीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसेपोटी परदेशातून रोप मागवण्याचा विचार असेल, तर २००३ सालच्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र ही दोन कागदपत्रे लागतात, हे आधी जाणून घ्या. ‘कागदपत्रांशिवाय पार्सल येते’ असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. रोप जप्त झाले तर पैसेही गेले आणि रोपही.

नर्सरीत प्रत्यक्ष पाहता येत असेल तर शेंड्याचे सर्वांत नवे पान पाहा, पानांची मागची बाजू उलटून पाहा आणि खोड मातीशी किंचित दाबून पाहा. खोड टणक लागले पाहिजे. एकाच कुंडीत ३-४ वेगवेगळे फुटवे खोचून ती भरगच्च दाखवलेली असते. तसे असल्यास घरी आल्यावर ते सुटे करावेत, कारण एका खांबावर चार वेली चढवणे कोणालाच मानवत नाही.

४. जागा निवडताना

‘सावलीतले झाड’ हे मॉन्स्टेराचे वर्णन अर्धेच खरे आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून १० फुटांवर ती मरणार नाही, पण वाढणारही नाही. पेरांतले अंतर लांबत जाईल आणि पाने लहान व अखंड येत राहतील. भरपूर उजेड हवा, मात्र दुपारचे थेट ऊन नको. सकाळी ९-१० पर्यंतचे कोवळे ऊन मिळणारी पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वोत्तम. पश्चिमेची गॅलरी असेल तर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये पानांवर आधी फिकट आणि मग कागदासारखे कोरडे चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. एसीचा थेट झोत टाळावा. साधारण १८ ते ३० अंश तापमानात वेल सुखाने वाढते. नाशिक-पुण्याच्या थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला, की गॅलरीतली वेल आत घ्यावी.

५. माती आणि कुंडी

नर्सरीतले रोप बहुधा लाल किंवा काळ्या चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात येते. नर्सरीत रोज उघड्यावर वारा-ऊन असते म्हणून ते तिथे चालते. घरात तो गोळा बाहेरून कोरडा आणि आतून ओला राहतो आणि मुळे कुजतात. माझी पहिली वेल मी कुंडीतून उपसली तेव्हा तळच्या मातीला गटारासारखा वास येत होता आणि जारवा बोटांत धरताच त्याची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत होता. कुजलेले मूळ ओळखण्याची हीच खूण.

रोप आणल्यावर ८-१० दिवस नव्या जागेला रुळू द्यावे आणि मग कुंडी बदलावी. मातीचा गोळा अर्धा तास पाण्यात भिजवून बोटांनी हलके मोकळा करावा. सगळी माती धुऊन काढण्याचा हट्ट नको. मिश्रण मी असे करते : कोकोपीट २ भाग, सोडणांचे तुकडे २ भाग, परलाइट १ भाग, गांडूळखत १ भाग आणि मूठभर कुटलेला कोळसा. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावी, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबले तर लाडू वळता कामा नये. मूठ उघडताच ते सुटले पाहिजे.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोनच इंच मोठी घ्यावी. ‘एकदाच मोठी घेऊन टाकू’ हा हिशेब इथे महागात पडतो, कारण मुळांना न पेलणारी माती ओलीच राहते. हे काम करायला जूनचा आरंभ सर्वांत चांगला. हवेत दमटपणा आलेला असतो आणि वाढीचे चार महिने समोर असतात.

६. आधार : सगळ्यात महत्त्वाचे काम

बाजारात मॉस स्टिक म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा पीव्हीसी पाइपला काथ्या गुंडाळलेली, अंगठ्याएवढी बारीक काठी असते. काथ्यावर पाणी टाकले तर ते ओघळून जाते आणि दहा मिनिटांत काठी कोरडी होते. मूळ त्यात शिरत नाही, वेल नुसती बांधून ठेवलेली राहते. त्यापेक्षा खांब घरी करावा. प्लास्टिकचे आवरण असलेली, अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाळी घेऊन तिची ३ ते ४ इंच व्यासाची, ४ फूट उंचीची नळी करावी आणि कडा तारेने शिवाव्यात. मधोमध पीव्हीसी पाइप उभा ठेवून भोवती भिजवलेले सोडणांचे तुकडे आणि स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) दाबून भरावे. खालचे ८ इंच कुंडीत गाडले जातील असा हिशेब धरावा. रोप लावतानाच खांब बसवावा. नंतर खुपसला तर मुळे तुटतात. एवढी खटपट नको असेल, तर न रंगवलेली, रंधा न मारलेली सागाची फळी उभी करावी. हवाई मुळे तिला चिकटतात आणि पाणी घालण्याचे व्यवधान वाचते.

यानंतरची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वेलीला पुढची आणि मागची बाजू असते. खोड निरखून पाहिले तर पानांचे देठ एका अंगाने निघतात आणि हवाई मुळे विरुद्ध अंगाने. मुळांचे अंग म्हणजे पाठ, आणि पाठ खांबाला लागली पाहिजे. मी पहिल्या खेपेस दिसायला बरे म्हणून पाने खांबाकडे वळवून बांधली. दोन महिन्यांत वेलीने अंग पिळून तोंड फिरवले आणि खोडाला कायमची मोड पडली. लावताना आधी उजेड कोठून येतो ते पाहावे, वेलीचे तोंड उजेडाकडे करावे आणि खांब तिच्या पाठीशी, म्हणजे खिडकीच्या विरुद्ध बाजूला ठेवावा.

बांधायचे ते खोड, देठ नव्हे. देठाला पान उजेडाकडे फिरवायचे असते. पात्याच्या लगत देठावर किंचित जाडसर सांधा दिसतो, तो त्यासाठीच आहे. देठ आवळला तर पाने एकमेकांवर चढतात. सुती पट्टी पेरांमध्ये सैल आठाच्या आकड्यासारखी बांधावी आणि मुळांनी खांब धरला की काढून टाकावी. कुंडी दर आठवड्याला फिरवावी असा सल्ला सर्रास दिला जातो. झुडपांना तो ठीक आहे, पण खांबावरच्या मॉन्स्टेराची कुंडी एकदा ठेवली की हलवू नये, नाहीतर प्रत्येक पान नव्या दिशेला तोंड करून बसते. हवाई मुळे विचित्र दिसतात म्हणून कापू नयेत. वरची खांबाकडे वळवावीत, खालची मातीत सोडावीत. खांब मात्र ओलसर हवा. टोकाला बारीक भोक पाडलेली बाटली खांबाच्या माथ्यावर उलटी खोचली की थेंब थेंब पाणी आत उतरत राहते.

७. पाणी

‘आठवड्यातून दोनदा’ असे कोणतेही वेळापत्रक ठेवू नये. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावी. तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि द्यायचे ते तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्यावे. ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. माझ्या गॅलरीत हे अंतर एप्रिल-मेमध्ये ४-५ दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये १०-१२ दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत कधी त्याहूनही जास्त असते. तुमच्याकडे ते वेगळे असेल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे दोन महिने फार जपून पाणी द्यावे.

सकाळी पानांच्या टोकाशी पाण्याचे थेंब लोंबताना दिसले तर घाबरू नये. रात्री मुळांनी ओढलेले जादा पाणी वेल तसे बाहेर टाकते. तळाचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणेही नित्याचे आहे. एकाच वेळी दोन-तीन पाने पिवळी पडली आणि माती ओली असली, तर मात्र पाणी थांबवून मुळे तपासावीत. पानांचे काठ तपकिरी व कुरकुरीत होत असतील तर कोरडी हवा किंवा बोअरवेलच्या पाण्यातले क्षार कारणीभूत असू शकतात. पानांवर दिवसातून चारदा तुषार मारून हवा दमट होत नाही. दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे अधिक उपयोगाचे, कारण धूळही जाते आणि कीडही वेळेवर दिसते.

८. खत

जून ते ऑक्टोबर या काळात दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरते. द्रवरूप खत वापरायचे असल्यास पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मे घ्यावे. थंडीत आणि नुकतीच कुंडी बदललेल्या रोपाला खत देऊ नये.

९. कीड

उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळी आणि पुढे फिकट टिंबे दिसली तर लाल कोळी आहे. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. देठावर तपकिरी, नखाने खरवडले तर निघणाऱ्या टिकल्या म्हणजे खवले कीड. सर्वांत चिवट ते फुलकिडे. त्यांनी पान खरवडलेले दिसते, त्यावर चंदेरी चट्टे आणि काळे ठिपके पडतात, आणि नवे पान वेडेवाकडे उलगडते.

कोणतीही कीड दिसली, की वेल आधी इतर झाडांपासून दूर ठेवावी आणि पाने पाण्याच्या धारेखाली मागून-पुढून धुवावीत. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निमतेल आणि द्रव साबणाचे काही थेंब नीट मिसळून संध्याकाळी फवारावे, आधी एका पानावर करून पाहावे. दर ७ दिवसांनी असे ३-४ वेळा करावे. एकदा फवारून कीड गेली असे समजणे हीच नेहमीची चूक, कारण अंडी शिल्लक असतात.

१०. वेल खांबाच्या वर गेली की

नीट उजेड आणि ओला खांब मिळाला तर दोन-तीन वर्षांत वेल खांबाचे टोक गाठते. त्या वेळी पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडा उतरवावा. वरची दोन-तीन पाने, किमान एक पेर आणि त्याला असलेले हवाई मूळ एवढा भाग निवडून, पेराच्या खाली दोन बोटे अंतरावर, स्पिरिटने पुसलेल्या सिकेटरने एकाच घावात कापावा. काप काही तास सावलीत सुकू द्यावा. मग पेर आणि हवाई मूळ बुडेल असे पाण्यात ठेवावे, पान पाण्याबाहेर. पाणी दर ३-४ दिवसांनी बदलावे. साधारण ३-४ आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. ती तीन-चार बोटे लांब झाली आणि त्यांना उपमुळे फुटली की वरच्याच मिश्रणात, नव्या खांबाशी, पाठ खांबाला लावून रोप बसवावे.

खाली उरलेल्या खोडाला फेकू नये. कापाखालच्या पेरातला डोळा महिना-दीड महिन्यात फुगतो आणि तिथून नवा फुटवा निघतो. त्याचे पहिले पान लहान येते, कधी अखंडही येते. दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून ते पूर्वीच्या मापावर परतते. शेंड्याचा तुकडा कोणाला द्यायचा असेल तर खोडाच्या पाठीवर खडूने एक रेघ ओढून द्यावी आणि ती रेघ खांबाला लावायला सांगावे.